तिरफळाच्या गावची भूल

तिरफळाच्या हंगामात आमच्या खोऱ्यातल्या माणसाला कशाचीही चव विचारू नये. उजाडल्यापासून माणसं काटेरी झाडांना भिडलेली असतात, आणि दाणा भरला की नाही हे कळायला तो दाताखाली धरावाच लागतो. दुपारपर्यंत अख्ख्या गावाची जीभ बधिर. बायका भाजीत दोनदा मीठ घालतात, पुरुष गरम चहाने तोंड पोळून घेतात आणि ते त्यांना संध्याकाळी कळतं. बाहेरून आलेला व्यापारी हसतो. आम्हांला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. ऑगस्ट महिना असाच असतो.

लान सूच्योंग याच खोऱ्यातली. तालुक्याच्या सरकारी इस्पितळात तीस वर्षं तिचं एकच काम, भूल देणं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला लोक घरची कोंबडी नेऊन देतात. भूल देणारीचा चेहरा कुणाला आठवत नाही, आणि आठवू नये यासाठीच तर ती असते. मराठीत गुंगीलाही भूल म्हणतात आणि चुकीलाही. ज्याने हा शब्द घडवला त्याने लानबाईंसारखं कुणीतरी जवळून पाहिलं असणार.

बाई अंगाने बारीक, बोलायला तुटक. इस्पितळाच्या खानावळीत बिनतिरफळाच्या शेवया खाणारी ती एकटीच. आचारी म्हणायचा, "लानताई, हे जेवण आहे की पथ्य?" ती म्हणायची, "तू वाढ." लेक छंगतू शहरात नोकरीला, नवरा वारलेला, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. टेबलावर झोपलेल्या माणसाच्या डोक्याशी ती स्टुलावर बसायची आणि त्याचा श्वास चालू आहे ना हे यंत्रात बघायची, छातीकडे बघायची, आणि तरीही नाकापाशी हात नेऊन बघायची. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. ही बाई पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

तिचं दूध म्हणजे मू शाओछिंगचा डावा डोळा.

ती चोवीस वर्षांची होती, सहा महिने शिकून नुकतीच रुजू झालेली. मू बावीसचा. तिरफळाची फांदी उलटून डोळ्यात गेली, काटा आरपार. पोट भरलेलं होतं, त्यामुळे घाईची भूल द्यायची होती. म्हणजे झोपेचं औषध, लगेच अंग सैल करणारं औषध, आणि झटकन घशात श्वासाची नळी, पोटातलं वर येऊन छातीत उतरायच्या आत. फक्त सैल करणारं औषध पुरतं लागू पडेपर्यंत थांबायचं असतं. सूच्योंग थांबली नाही. घाबरली, आणि औषध घशापर्यंत पोचायच्या आतच नळी घातली. मू खोकला. एकदाच, पण सगळ्या अंगाने. फाटलेल्या डोळ्याच्या आत जे असतं ते त्या एका खोकल्याने बाहेर आलं. मोठे डॉक्टर तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग कागदावर त्यांनी लिहिलं, 'रोग्यास खोकला आल्याने डोळा वाचवता आला नाही.' नातेवाइकांनाही तेच सांगितलं. ती शेजारी उभी होती आणि काही बोलली नाही. नव्या मुलीची नोकरी वाचली. पुढची तीस वर्षं हाटात तो एकडोळ्या माणूस दिसला की ती रस्ता बदलायची.

त्या दिवसापासून घाईच्या भुलीआधी ती लिग्नोकेन द्यायला लागली. दातवाला हिरडीत टोचतो तेच हे औषध. ते थोडं शिरेतून दिलं की घसा निवतो, नळी जाताना खोकला येत नाही, रक्तदाब उसळत नाही, डोळ्यावरचा ताण वाढत नाही. मात्र जास्त झालं तर गाठ आहे. आधी ओठ आणि जीभ बधिर होतात, कानात घणघण वाजतं, मग माणूस बरळतो, मग झटके, आणि शेवटी हृदय. म्हणून औषध दिलं की ती रोग्याच्या कानाशी वाकून दोन प्रश्न विचारायची. तोंडाला मुंग्या येतात का? कानात वाजतं का? थोड्या मुंग्या आल्या की तिला बरं वाटायचं. औषध पोचलं, आणि बेतानं पोचलं.

त्या ऑगस्टात, दुपारी एकच्या सुमाराला, यानफेन नावाची बाई आपली तीनचाकी मालगाडी थेट इस्पितळाच्या पायऱ्यांपर्यंत घेऊन आली. मागे तिरफळाच्या टोपल्यांमध्ये तिचा नवरा पडलेला, उजव्या डोळ्यावर ओला पंचा.

"अरे मू शाओछिंग, हलू नकोस म्हटलं ना!" ती ओरडत होती. "एकच डोळा ठेवलाय देवाने, तोही सांभाळता येत नाही मेल्याला! सांगत होते, वरची फांदी सोडून दे, वरची सोडून दे!"

नाव ऐकलं आणि सूच्योंगच्या हातातला कप खाली ठेवायचाच राहिला.

डोळ्यांची डॉक्टर ग्वान पेइयू पस्तिशीची, हाताने चपळ आणि जिभेने त्याहून चपळ. तिने पंचा उचलून क्षणभर बघितलं आणि पुन्हा ठेवला. बाजूला येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "बुबुळ फाटलंय, लानताई. आतला पडदा बाहेर डोकावतोय. वरून छंगतूचा रस्ता दरड पडून बंद. इथंच शिवायचं."

"जेवण कधी झालंय?" सूच्योंगने विचारलं.

"मघाशीच की!" यानफेन म्हणाली. "अकराला. दोन वाट्या शेवया, वर धुरावलेलं डुकराचं मांस, आणि वाटीभर सोयाची दही-वडी. राबतो तो माणूस, जेवणारच ना! उपाशी ठेवून पाठवायला हवं होतं का मी?"

"जेवण उतरेपर्यंत थांबूया?" ग्वानने विचारलं.

तेवढ्यात मूला उमासा आला. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, मान ताठ केली, गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या, पण त्याने तो परत गिळला. "नाही थांबायचं," सूच्योंग म्हणाली. "पुन्हा उमासा आला तर डोळा जाईल."

यानफेनने तिची बाही धरली. "बाई, तुमचे पाय धरते. माझे गुडघे गेलेत, मी गाडी चालवते ती बसून. झाडावर हा, बाजारात हा. ह्याचा डोळा गेला तर आम्ही दोघं कुणाच्या हाताला धरायचं?"

या बाईला कळलं असतं आपण कुणाच्या पायांशी बोलतोय, तर तिने बाही धरली असती की केस, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःचीच घृणा वाटली. दुसरा भूलतज्ज्ञ असता तर तिने तिथल्या तिथे काम सोडलं असतं. दुसरा कुणी नव्हता.

मूला टेबलावर घेतलं. थान नावाची जुनी नर्स मदतीला होती. मास्क डोळ्याला न लागता वरून धरला, प्राणवायू सुरू केला. थानचा अंगठा आणि बोट त्याच्या नरड्याच्या कूर्चेवर तयार. तिथं दाबलं की पोटातलं वर येत नाही. सूच्योंगने सुई डाव्या हाताच्या मागे घातली. तिरफळ तोडणाऱ्याचे हात ते, महिनाभर काटे टोचून सुजलेले, शीर कुठली आणि सूज कुठली कळेना. तिने लिग्नोकेन सोडलं. अर्ध्यावर दट्ट्या जड लागला. मनगटापाशी काहीतरी फुगल्यासारखं वाटलं. पण ते आधीच फुगलेलं होतं.

औषध शिरेत गेलं, की कातडीखाली?

हे कळायला एकच वाट होती. ती वाकली. "मूदादा, तोंडाला मुंग्या येतात का?"

"मुंग्या तर सकाळपासूनच आहेत, डॉक्टरबाई," मू ओठ न हलवता म्हणाला. "हंगाम आहे."

थानला अशाही वेळी हसू आलं. सूच्योंगला नाही. तीस वर्षांत हा प्रश्न तिने हंगामातल्या कितीतरी लोकांना विचारला होता, पण तेव्हा शीर चांगली असायची, उत्तर काहीही आलं तरी चालायचं. आज सगळं त्या उत्तरावर होतं आणि ते उत्तर तिरफळाने खाल्लं होतं.

"आता जास्त वाटतात का? सकाळपेक्षा?"

"काय माहीत. बधिर ते बधिर."

"कानात काही वाजतं का? नीट सांगा हं, दादा. घंटा, किडा, काहीही."

त्याचा एकच डोळा, तोही पंच्याखाली. त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. मग म्हणाला, "नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. औषध पोचलं नसेल तर नळी जाताना हा खोकेल, आणि मग तोच माणूस, तीच बाई, दुसरा डोळा. औषध पोचलं असेल आणि पुन्हा दिलं तर दुप्पट. खोकला दाबायला अफूच्या जातीचं औषध होतं, पण ते घाईत दिलं की कधीकधी त्यानेच खोकला सुटतो. ते तिला आज नको होतं. ग्वान हात धुऊन, हात वर धरून उभी. "लानताई, ठरवा काहीतरी."

खोकल्याची भीती तिच्यात तीस वर्षं मुरलेली होती. झटक्यांची भीती पुस्तकातली. माणूस आपल्या ओळखीच्या भीतीलाच आधी भितो. तिने कोपरातली मोठी शीर शोधली, नवी सुई घातली आणि पुरं औषध पुन्हा दिलं.

मिनिटभर काही झालं नाही. मग मूच्या ओठाचा डावा कोपरा नाचायला लागला.

"यानफेन," तो जडजड बोलला, "टोपली... टोपली सांडतेय... धर की."

"अगं आई गं," सूच्योंगच्या तोंडून निघालं. पहिलं औषधही पोचलेलं होतं. पाऊण मिनिटात या माणसाला झटके येणार होते, आणि झटका म्हणजे शंभर खोकल्यांचा बाप. तिने झोपेचं औषध ढकललं, त्यामागोमाग सैल करणारं. "थान, दाब!"

ओठ थांबला. पापणीची फडफड थांबली. आणि यंत्राचा टिकटिक आवाज हळू व्हायला लागला. साठ. बावन्न. चव्वेचाळीस. रक्तदाबाचा आकडा इतका खाली गेला की थानने पट्टा निसटला की काय म्हणून हात लावून बघितला.

"ताई, नळी घाला!" ग्वान म्हणाली. "घाला ना!"

"नाही अजून."

"तो जातोय!"

"जाऊ देत नाही. पण अजून नाही." नळी घालायचं पातं तिच्या हातात तयार होतं. ती मोठ्याने सेकंद मोजत होती, शाळेतल्या पोरीसारखी, आणि तिचं प्रत्येक हाड सांगत होतं की घाल, आत्ता घाल. अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ. मग तिने घातली. घसा ओल्या कापडासारखा पडलेला होता. नळी गेली. मू खोकला नाही.

पण हृदय अडतीसवर होतं.

तिने अॅड्रिनलिन थोडं थोडं दिलं. थानला पांढऱ्या स्निग्ध सलाइनची बाटली आणायला पिटाळलं. न जेवणाऱ्या रोग्यांना देतात ते दुधासारखं औषध असलं विष रक्तातून शोषून घेतं, असं तिने प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि वापरलं कधी नव्हतं. हृदय थांबलं तर छाती दाबावी लागेल, आणि छाती दाबली की डोळ्यातलं सगळं बाहेर. तिने तळहात त्याच्या छातीच्या हाडावर ठेवला. दाबला नाही. बोटांनी मानेची नाडी धरली.

"ये," ती म्हणत होती. "ये रे बाबा. शिव्या दे मला हव्या तर, पण ये."

तेहेतीस. तेहेतीस. एकतीस. बाटलीतलं पांढरं नळीतून उतरत होतं. पंचावन्न वर्षांची व्हायला आलेली, कुणापुढे आवाज न चढवणारी ती बाई भर टेबलाशी ढसाढसा रडत होती आणि तिचा तळहात जागचा हलला नव्हता. तिला देव आठवला नाही, लेक आठवली नाही. फक्त पायऱ्यांवर बसलेली यानफेन आठवत होती.

एकतीस. चाळीस. मग हृदयाला कुणीतरी ढोसल्यासारखं झालं आणि आकडे वर चढायला लागले. ग्वानने दोन मिनिटं आकड्यांकडे बघितलं. "लावू हात?"

"लाव."

दीड तास शिवणकाम चाललं. ग्वान एकदाच बोलली, "पडदा आत गेला." उठवताना पुन्हा तीच धास्ती, आणि आता लिग्नोकेनचा थेंबही देता येणार नव्हता. सूच्योंगने त्याचं पोट नळीने रिकामं केलं, त्याला अर्धवट बसवलं, शुद्ध येईपर्यंत वाट पाहून श्वासाची नळी हळूच ओढली. मूने ओठ घट्ट मिटले, एक आवंढा गिळला. बस्स.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्वानने पट्टी सोडली आणि तोंडासमोर हात धरला. "किती बोटं?"

मूने डोळा बारीक केला. "तीन. आणि नखं कापा, डॉक्टरबाई."

यानफेन आधी हसली, मग तिथंच जमिनीवर बसून हुंदके द्यायला लागली. "ह्याला बायकोची नखं कधी दिसली नाहीत, डॉक्टरची बरी दिसली!" ती सगळ्या वॉर्डला सांगत सुटली, आणि मग त्याच्यासाठी भाताची पेज आणायला लंगडत खाली गेली.

सूच्योंग दारात उभी होती. ती आत आली, खाटेशेजारी बसली.

"मूदादा, एक सांगायचंय. काल औषध जास्त झालं. माझ्या हातून. तुमचं हृदय थांबायला आलं होतं."

"आता चाललंय ना?" मू म्हणाला.

"मी तुम्हांला कानांचं विचारलं होतं. पहिल्या औषधानंतर. खरंच वाजत नव्हतं?"

तो ओशाळल्यासारखा झाला. "वाजत होतं की. झिंऽऽ करून, नदीला पूर आल्यासारखं. पण म्हटलं आपण बोलत बसू आणि खोकला येईल. म्हणून नाही म्हटलं आणि मोकळा झालो."

"कसला खोकला?"

"मागच्या वेळी नाही का, ह्याच इस्पितळात. तुम्हांला माहीत नसेल, जुनी गोष्ट आहे. डॉक्टर डोळा वाचवत होते, मीच खोकलो. कागदावर लिहून दिलंय तसं." तो तिच्या बाजूच्या भिंतीकडे बघत बोलत होता, अजून त्याला माणसं नीट दिसत नव्हती. "बाप मरेपर्यंत बोलला. कुणी पाहुणा आला की, हा आमचा शाओछिंग, ह्याला एक खोकला आवरता आला नाही. त्यानंतर मी तंबाखू सोडली, मिरचीच्या फोडणीपाशी उभा राहिलो नाही. थंडीत खोकला आला तर घराबाहेर जाऊन खोकतो. हसू नका. काल गाडीत पूर्ण रस्ताभर तोंड दाबून आलो. म्हटलं ह्या वेळी आपल्याकडून चूक होता कामा नये."

सूच्योंगच्या निवृत्तीला दोन महिने होते. हा माणूस तिला दुवा देत घरी जाणार होता, गप्प बसली असती तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. तीस वर्षांपूर्वीही असंच वाटलं होतं.

"खोकला तुमच्यामुळे आला नव्हता," ती म्हणाली. "भूल मी दिली होती. औषध लागू पडायच्या आधी मी नळी घातली. कुणीही खोकला असता. झोपलेल्या माणसाला खोकला आवरत नाही, दादा, कुणालाच आवरत नाही. तुमचा डोळा मी घालवला. आणि मी तुम्हांला खरं सांगितलं असतं तर काल तुम्ही कानांचं लपवलं नसतं."

खाली अंगणात यानफेन पेजेवाल्याशी वाद घालत होती, तिचा आवाज वर येत होता. मूने हात उचलून चाचपडत तिची बाही शोधली आणि धरली. रागाने की कशाने, तिला कळलं नाही.

"माझ्या बापाला सांगायला हवं होतं तुम्ही," तो म्हणाला. "म्हातारा नऊ वर्षांपूर्वी गेला. शेवटच्या दिवशी त्याला खोकल्याची उबळ आली, मी पाणी घेऊन गेलो. तर मला म्हणाला, बघ, मी कसा आवरतो."